दाब किती आणि घाई किती

१९८०च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे जगभरच्या कॅज्युअल्टींमध्ये एक ठरलेला प्रकार चाले. रुग्णाचा रक्तदाब २२०/१२० निघाला की डॉक्टर एक छोटी, आत पातळ औषध भरलेली कॅप्सूल मागवत. तिला सुईने भोक पाडायचे आणि थेंब जिभेखाली पिळायचे, नाहीतर सरळ ‘चावा आणि गिळा’ म्हणून सांगायचे. पंधरा-वीस मिनिटांत दाब १५०वर येई. नातेवाईक खूश, सिस्टर खूश, डॉक्टर पुढच्या खाटेकडे. आपल्याकडच्या गल्लीतल्या दवाखान्यांतही ही कॅप्सूल टेबलाच्या खणात हाताशी असे. औषधाचे नाव निफेडिपिन.

या उपचारात सगळ्यांचे समाधान होते. रुग्णाचे भले होते का, हे मात्र कोणी नीट तपासले नव्हते. जिभेखालून हे औषध जवळजवळ शोषलेच जात नाही, गिळल्यावर पोटातून रक्तात जाते, हेही उशिरा लक्षात आले. एकदा आत गेलेले औषध परत काढता येत नव्हते आणि दाब कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नव्हते. कुणाचा १५०वर थांबे, कुणाचा ९०वर. ज्यांचा फार खाली गेला त्यांच्यातल्या काहींना अर्धांगवायू झाला, काहींना हृदयविकाराचा झटका आला, काही दगावले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९८५ सालीच या वापराला नकार दिला होता. तरी कॅप्सूल चालूच राहिली, कारण आकडा तर उतरत होता. १९९६ साली एहुद ग्रॉसमन, फ्रान्झ मेसर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अशा दुर्घटनांची जंत्रीच मांडली आणि हा प्रकार थांबवावा की नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्यानंतर कुठे सुया खाली ठेवल्या गेल्या, त्याही सगळीकडे एकदम नाहीत.

तातडीच्या उपचारांत उच्च रक्तदाबाचे काय करायचे, या विषयात शिरणाऱ्याने ही कॅप्सूल आधी समजून घ्यावी. कारण या विषयाचा सगळा पेच तिच्यात आहे. कॅज्युअल्टीतली बहुतेक कामे ‘लवकर करा’ या जातीची असतात. रक्त वाहते आहे, थांबवा. श्वास अडकला आहे, नळी घाला. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र डॉक्टरला आधी ठरवावे लागते की घाई करायची की नाही, करायची तर किती, आणि कुठे हात आखडायचा. हे ठरवण्याचे काम यंत्रावरचा आकडा एकटा करू शकत नाही.

समजा, एका रात्री दोन माणसे आली. पहिला अठ्ठावन्न वर्षांचा शिक्षक. गणपतीत गावी गेला, गोळ्या मुंबईलाच राहिल्या, परतल्यावर शेजाऱ्याच्या यंत्रावर सहज दाब मोजला तर २१०/१२०. त्याला काहीही होत नाही. घाबरला आहे तो आकड्याला. दुसरीही त्याच वयाची. ती खाटेवर आडवी होऊच शकत नाही. दोन्ही हात टेकवून, पुढे वाकून श्वास ओढते आहे, अंगाला दरदरून घाम फुटला आहे, छातीत पाणी बुडबुडल्याचा आवाज येतो आहे. तिचाही दाब २१०/१२०. दुसरीला पुढच्या दहा मिनिटांत उपचार मिळाले नाहीत तर ती जाऊ शकते. पहिल्याला शांतपणे बसवून चार प्रश्न विचारायचे, त्याच्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या आणि घरी पाठवायचे. शिरेतून औषध टोचून त्याचा दाब तासाभरात उतरवला तर फायदा काही नाही. धोका मात्र आहे.

दोघांमधला फरक आहे तो इंद्रियांच्या इजेचा. दाब साधारण १८०/१२०च्या वर आहे आणि त्यामुळे मेंदू, डोळ्याचा पडदा, हृदय, महाधमनी किंवा मूत्रपिंड यांना आत्ता, या घटकेला इजा होते आहे, तर ती खरी आणीबाणी. इजा नसेल तर आकडा कितीही भयंकर दिसो, ती आणीबाणी नव्हे. म्हणून डॉक्टर विचारतात ते प्रश्न वरवर साधे असतात: डोके दुखते का, नीट दिसते का, बोलताना शब्द अडखळतात का, छातीत किंवा पाठीत दुखते का, दम लागतो का, लघवी कमी झाली का. मग ईसीजी, गरज वाटली तर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, आणि डोळ्याच्या पडद्यावर एक नजर. ही शेवटची तपासणी आपल्याकडे फार वेळा राहून जाते. शरीरातल्या बारीक धमन्या चिरफाड न करता थेट पाहायला मिळतात अशी ती एकच जागा, आणि अनेक ठिकाणी त्यासाठीचे हातातले उपकरण बॅटरी संपून पडलेले असते.

त्या शिक्षकासारख्या माणसांचे पुढे काय होते, याचा हिशेब अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी मांडला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात दाब १८०/११० किंवा त्याहून जास्त निघालेल्या ५८ हजारांहून अधिक लोकांची नोंद त्यांनी तपासली. पुढच्या सात दिवसांत हृदयविकार किंवा पक्षाघातासारखी मोठी घटना घडली ती हजारात सुमारे एकाला. यांतल्या ४२६ जणांना डॉक्टरांनी तातडीने रुग्णालयात धाडले होते. त्यांची तुलना घरी पाठवलेल्या तशाच लोकांशी केली, तर सहा महिन्यांनीही लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच सांगितले होते की लक्षणे नसलेल्या अशा रुग्णाचा दाब कॅज्युअल्टीतच खाली आणण्याची सरसकट गरज नाही. २०२४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या निवेदनाने आणखी एक पाऊल टाकले: आणीबाणी आणि साधा वाढलेला दाब यांच्या अधेमधे ‘तातडीचा’ म्हणून जो एक कप्पा पाठ्यपुस्तकांनी ठेवला होता, तोच मोडीत काढावा असे सुचवले. त्या कप्प्यात टाकला की रुग्णाला काहीतरी टोचलेच पाहिजे असे डॉक्टरांना वाटू लागते, हे त्यामागचे एक कारण.

हे कागदावर ठीक आहे. खाटेशेजारी उभ्या असलेल्या मुलाला ते पटवणे वेगळे. ‘डॉक्टर, बाबांचं बीपी एवढं शूट झालंय आणि तुम्ही नुसतं बसवून ठेवलंय?’ या प्रश्नापुढे रात्री दोन वाजता एखादा तरुण निवासी डॉक्टर ढासळतो आणि इंजेक्शन भरतो, यात नवल नाही. उद्या काही झाले तर ‘२१० होते आणि काही दिले नाही’ असे कोणी म्हणू शकते. ‘दिले म्हणून झाले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. बचावाच्या या गणितातून जेवढी औषधे टोचली जातात तेवढी वैद्यकाच्या गणितातून टोचली जात नसावीत.

शिवाय आकडा खरा आहे का, हेही पाहावे लागते. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब फुगून दिसतो. २०२३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा सरासरी जवळपास २० अंकांनी जास्त आला. हात लोंबता असेल, रुग्ण बोलत असेल, नुकताच जिना चढून आला असेल, तर तीच गत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाब फार वाढलेल्या ५४९ रुग्णांना अर्धा तास नुसते विश्रांतीला ठेवले. त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा दाब औषधाविना पुरेसा उतरला. आणि प्रोस्टेट वाढलेले ते आजोबा तर प्रत्येक कॅज्युअल्टीत येतात. लघवी तुंबली आहे, पोट टम्म, दाब २००/११०. त्यांना बीपीचे औषध नको असते, कॅथेटर हवा असतो. पिशवी भरत जाते तसा दाब आपोआप खाली येतो.

या सावधपणाचा इतिहास सरळ रेषेतला नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त त्यात आठ फूट तीन इंच चढलेले पाहिले. १७३३ साली त्याने ते छापले. माणसावर वापरता येईल असा दंडाचा पट्टा १८९६ साली इटलीत शिपिओने रिवा-रॉची यांनी दिला, आणि १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची रीत शोधली. दाब मोजता आला. पण मोजून करायचे काय, हे पुढची पन्नास वर्षे ठरले नाही.

उलट, तो उतरवूच नये असे मानणारे मोठे डॉक्टर होते. म्हातारपणी धमन्या कडक होतात, त्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढीव दाब लागतोच, म्हणून तो शरीराने केलेला बंदोबस्त आहे, असा विचार. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जे लिहिले त्याचा मथितार्थ असा की वाढलेल्या दाबातला सर्वांत मोठा धोका म्हणजे तो सापडणे. कारण एकदा सापडला की कोणीतरी मूर्ख तो उतरवायला निघणारच. आज या मताला हसतात. पण १९३१ सालची औषधे पाहिली तर ते अगदीच अडाणी नव्हते, आणि ती कॅप्सूल आठवली तर त्यातला उपरोध पुरता वायाही गेलेला नाही.

मात्र हातावर हात ठेवून बसण्याची किंमत काय होती, तेही जगाने एका माणसात पाहिले. मार्च १९४४मध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासले. दाब १८६/१०८, हृदय मोठे झालेले, फुप्फुसात पाण्याचे आवाज. डिजिटॅलिस, कमी मीठ, कमी सिगारेट, विश्रांती आणि झोपेचे औषध. ब्रुएन यांच्या हातात तेवढेच होते. वर्षभर दाब चढतच राहिला, आणि त्याच अवस्थेत रूझवेल्ट याल्टाला जाऊन चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमोर बसले. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे एक चित्रकार त्यांचे चित्र काढत असताना त्यांनी डोक्याच्या मागच्या भागात भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते कोसळले. ब्रुएन पोहोचले तेव्हा दाब ३००च्या वर आणि खालचा १९०. दुपारी साडेतीनच्या सुमारास मृत्यू. ही नोंद ब्रुएन यांनी १९७० साली छापली, तोवर सामान्य अमेरिकी नागरिकाला आपला अध्यक्ष किती आजारी होता याची कल्पना नव्हती. रूझवेल्ट एकटे नव्हते. १९३९ साली मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅग्नर आणि बार्कर यांनी दाखवले होते की वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस सुजली, म्हणजे आजार चौथ्या पायरीला पोहोचला, की वर्षाअखेर पाचांतला जेमतेम एक जिवंत राही. बऱ्याच कर्करोगांपेक्षा हे वाईट.

औषधे आली ती यानंतर, आणि त्यांतल्या एकाचा रस्ता मुंबईवरून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि झोपेसाठी पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा दाबावरचा परिणाम नोंदवला होता. पण पाश्चात्त्य डॉक्टरांनी तिची दखल घेतली ती १९४९ साली, जेव्हा केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रेझर्पिन वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आणीबाणीत रेझर्पिनचे इंजेक्शनही देत, पण त्याचा असर यायला तास लागत आणि रुग्ण गुंगीत जाई. मेंदूला इजा झाली आहे की औषधाची झोप आहे, हेच कळेनासे होई.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९७०च्या दशकात डायझॉक्साइड शिरेतून एका दमात ढकलत, तेही पुरेपूर मात्रेत. दाब कोसळे. १९७९ साली ब्रिटनमधून आलेल्या एका निबंधात अशा झपाट्याने उतरवलेल्या दाबानंतर मेंदूला इजा झालेल्या, दृष्टी गेलेल्या रुग्णांची हकिगत होती. जो मेंदू वाचवायचा, त्यालाच उपाशी ठेवले गेले होते.

असे का होते, याचे उत्तर डेन्मार्कमध्ये मिळाले. मेंदूला रक्त कमी-जास्त होऊन चालत नाही, म्हणून त्याच्या बारीक धमन्या दाब वाढला की आकसतात आणि उतरला की सैलावतात. आतला प्रवाह कायम राहतो. नील्स लासेन यांनी १९५९ साली या व्यवस्थेचा आलेख मांडला. निरोगी माणसात सरासरी दाब साधारण ६० ते १५०च्या दरम्यान असेतो ती चालते. १९७३ साली स्वेंड स्ट्रँडगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वर्षानुवर्षे दाब जास्त असलेल्यांमध्ये हा सगळा आलेख वर सरकतो. त्यांच्या धमन्या चढ्या दाबाला सरावलेल्या असतात. त्यांना १२०/८० हा ‘नॉर्मल’ आकडाही तुटपुंजा पडू शकतो. पुढे महिनोन्महिने दाब ताब्यात ठेवला तर आलेख हळूहळू पुन्हा खाली येऊ शकतो. तासाभरात येत नाही.

सध्याचा नियम यावरूनच आला आहे: बहुतेक आणीबाणींत पहिल्या तासात सरासरी दाब फार तर एक चतुर्थांशाने उतरवावा, पुढच्या दोन ते सहा तासांत १६०/१००च्या आसपास आणावा, आणि नॉर्मलकडे जायला एक-दोन दिवस द्यावेत. आकड्यांत मांडले तर याचे गांभीर्य कळते. २४०/१४० दाब असलेल्या रुग्णाचा सरासरी दाब (खालच्या आकड्यात दोहोंतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवून) येतो १७३. त्यातला चौथा हिस्सा वजा केला की १३०. म्हणजे पहिला तास संपताना मॉनिटरवर १८०/१०५ दिसला तर डॉक्टरने आपले काम चोख केले आहे! बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मात्र तो आकडाही धडकी भरवणाराच वाटतो.

या नियमाला अपवाद आहेत, आणि खरे कसब तिथे लागते.

महाधमनी आतून फाटते तेव्हा सगळे उलटे होते. कोटाचे अस्तर उसवत जावे तसा तिचा आतला थर सुटतो आणि रक्त त्या फटीत घुसत पुढे पुढे जाते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचाला बसला असताना असाच गेला. वैद्य फ्रँक निकोल्स यांनी केलेल्या शवविच्छेदनात हृदयाभोवतीच्या पिशवीत साकळलेले रक्त आणि महाधमनीतली फट सापडली. या आजाराच्या सर्वांत जुन्या स्वच्छ नोंदींपैकी ती एक. यात वाट पाहायची नसते. वरचा आकडा शक्य तितक्या लवकर १००-१२०वर आणि नाडी ६०च्या खाली. आणि क्रम महत्त्वाचा: आधी नाडी मंदावणारे औषध, मग धमन्या सैल करणारे. उलट केले तर दाब उतरताच हृदय जोराने धावू लागते आणि प्रत्येक ठोक्याचा हिसका फाट वाढवतो. नुसत्या दाबाइतकाच हा हिसका घातक असतो, हे फ्लॉरिडाच्या मायरन व्हीट यांनी १९६०च्या दशकात ओळखले. त्यांच्या विचाराला एक अनपेक्षित आधार होता. अमेरिकेतल्या पोल्ट्रीत टर्की कोंबडे महाधमनी फुटून पटापट मरत, आणि खाद्यात रेझर्पिन मिसळले की वाचत. व्हीट यांनी १९६५ साली शस्त्रक्रियेविना बरे केलेले रुग्ण मांडले, त्यांच्या औषधांतही रेझर्पिन होते. सर्पगंधेची मुळी कुठून कुठे गेली!

दम लागलेल्या त्या बाईचे वेगळे. तिच्या आकसलेल्या धमन्यांविरुद्ध हृदयाला रक्त ढकलवेना, म्हणून ते मागे फुप्फुसात तुंबले. अशा अनेक रुग्णांच्या अंगात एकूण पाणी फारसे वाढलेले नसते, ते चुकीच्या जागी गेलेले असते. म्हणून फक्त लघवीचे इंजेक्शन देऊन वाट पाहणे ही अर्धवट चिकित्सा. तोंडावर दाबाने हवा देणारा बायपॅपचा मास्क आणि शिरेतून भरपूर नायट्रोग्लिसरीन, ज्याला वॉर्डात सगळे एनटीजी म्हणतात. धमन्या सैल झाल्या की काही मिनिटांत ती मागे टेकून बसते. कॅज्युअल्टीत इतक्या चटकन उतार पडलेला फार थोड्या आजारांत पाहायला मिळतो.

पक्षाघातात मात्र आकडा डॉक्टरला सर्वांत जास्त चकवतो. गुठळीने धमनी बंद झाली असेल तर तिच्या पलीकडचा अर्धमेला मेंदू आजूबाजूच्या वाहिन्यांतून वाढीव दाबाच्या जोरावर तग धरून असतो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे असेल तर दाब १८५/११०च्या खाली हवा; गुठळीवर असा कोणताच उपचार होणार नसेल तर २२०/१२०पर्यंत सहसा हात लावत नाहीत. तेच मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर उलट: दाब लवकर १४०च्या आसपास आणावा. २०१३ सालच्या इंटरॅक्ट-२ या २,८३९ रुग्णांच्या चाचणीने या बाजूला कौल दिला, पण तोही निःसंदिग्ध नव्हता. २०१६ सालच्या हजार रुग्णांच्या अटॅच-२ चाचणीने त्याहून खाली ओढण्यात फायदा नाही, मूत्रपिंडांना त्रास मात्र जास्त, असे दाखवले.

बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड वाकडे, एक बाजू लुळी, दाब चढलेला. मग रुग्णवाहिकेतच दाब उतरवायला सुरुवात केली तर? चीनमध्ये २,४०४ रुग्णांवर हे करून पाहिले गेले. इंटरॅक्ट-४ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. अर्ध्यांना वाटेतच युरापिडिल दिले. सगळ्यांची गोळाबेरीज केली तर फरक शून्य. सीटी स्कॅननंतर वेगळे करून पाहिले, तर रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला होता आणि गुठळी असलेल्यांचे नुकसान. तेच औषध, तोच आकडा. मधे फक्त स्कॅन.

आणि कधी आकडा लहान असूनही आणीबाणी असते. मूत्रपिंडाच्या सुजेने आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला १५०/१००लाही झटके येऊ शकतात, कारण त्याच्या मेंदूला चढ्या दाबाची सवयच नसते. गरोदर बाईचेही तसेच. एरवी १००/६० असलेल्या मुलीचा दाब १६०/११० झाला आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर तासाभराच्या आत उपचार सुरू झालेच पाहिजेत. सोबत मॅग्नेशियम सल्फेट, पण ते झटके टाळण्यासाठी. दाबाचे औषध ते नव्हे, ही गल्लत शिकाऊ डॉक्टर नेहमी करतात.

इथे निफेडिपिन पुन्हा भेटते, आणि तेही नागपुरात. शिरेतून द्यायची औषधे, ती मोजून सोडणारे पंप आणि सतत लक्ष ठेवणारी सिस्टर हे सगळे प्रत्येक प्रसूतिगृहात नसते. मग तोंडाने घ्यायच्या गोळीने भागेल का? नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली लॅन्सेटमध्ये आले. संथ गतीने विरघळणारी निफेडिपिनची गोळी, लॅबेटॅलॉलची गोळी आणि मेथिलडोपा, अशी तिघांची तुलना होती. सहा तासांत धोका न होता दाब आटोक्यात आला तो निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के आणि मेथिलडोपाने ७६ टक्के स्त्रियांमध्ये. सुईने भोक पाडून बदनाम झालेले औषध, योग्य रूपात आणि योग्य रुग्णाला दिले तर जीव वाचवते. पंप नसलेल्या तालुक्याच्या रुग्णालयासाठी हा निष्कर्ष एखाद्या नव्या महागड्या औषधापेक्षा मोलाचा आहे, आणि तो महाराष्ट्रातून निघाला हे इथल्याच किती डॉक्टरांना माहीत आहे, कोण जाणे.

औषधांच्या निवडीत आता नवलाई फारशी नाही. शिरेतून थेंबाथेंबाने देता येईल, चटकन चढेल आणि बंद करताच चटकन उतरेल, असे औषध हवे, ही मुख्य अट. कॅप्सूल नेमकी इथे नापास झाली होती. लॅबेटॅलॉल, एस्मोलॉल, निकार्डिपिन, एनटीजी ही रोजच्या वापरातली. सोडियम नायट्रोप्रुसाइड सर्वांत जोरकस, पण प्रकाशात बिघडते म्हणून बाटलीला आणि नळीला काळे आवरण घालावे लागते, आणि जास्त वेळ दिले तर शरीरात सायनाइड साठते. दम्याच्या रुग्णाला लॅबेटॅलॉल चालत नाही. ज्याच्या मनगटातल्या धमनीत सुई घालून दाब क्षणोक्षणी पाहता येत नाही, त्याचा दाब दर पाच मिनिटांनी पट्ट्याने मोजावा लागतो. रात्रपाळीत चाळीस खाटांना दोन सिस्टर असतील तर हे कसे व्हायचे, याचे उत्तर मार्गदर्शक तत्त्वांत नसते.

भारतात आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून २००९ साली मान्य झाला. त्यापूर्वी कॅज्युअल्टी म्हणजे ज्याची पाळी त्याने उभे राहायचे ठिकाण होते. आता तिथे प्रशिक्षित माणसे हळूहळू येत आहेत, आणि त्यांच्यापुढे येणारी गर्दी कमी नाही: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. दाब फार चढून येणाऱ्यांच्या कहाणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा निघते, आणि ती शिक्षकाच्या गणपतीसारखीच साधी असते. गोळ्या संपल्या, परवडल्या नाहीत, बरे वाटले म्हणून सोडल्या, कोणीतरी सांगितले की सवय लागते. त्यामुळे लक्षणे नसलेल्या रुग्णाला घरी पाठवताना केसपेपरवर काय लिहिले जाते, ते रात्री टोचलेल्या इंजेक्शनाइतकेच वजनदार ठरते: कोणती गोळी, किती दिवसांची, आणि आठवडाभरात पुन्हा दाब कुठे मोजायचा. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीला होते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातच महिनाभराच्या गोळ्या फुकट हाती पडतात, प्रत्येकाचे कार्ड असते, आणि ठरल्या दिवशी न आलेल्याला फोन जातो. कॅज्युअल्टीतून बाहेर पडणाऱ्या माणसाचे नाव त्या कार्डांच्या गठ्ठ्यात जाईल अशी सोय मात्र अजून फार थोड्या ठिकाणी आहे.